वाढती महागाई : शेतकऱ्याची पट्टी आणि मजुराची पिशवी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कार्यकारिणीने मला 'किराणा मालाची महागाई' हा विषय दिला. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून काम करतो. तथापि काउंटरच्या अलीकडे बसून वीस वर्षे पलीकडची माणसे पाहतो आहे. कोणाचे दागिने कोणत्या महिन्यात तारणाला येतात, कोणाच्या खात्यावर पैसे पडले की त्याच दिवशी सगळेच्या सगळे काढले जातात, हे आम्हाला कळते. त्या आधारावर चार शब्द बोलणार आहे.

महागाईवर आपल्याकडे दोन प्रकारची भाषणे होतात. शहरात बोलणारा म्हणतो, कांदा महाग झाला, गरिबाने खायचे काय? खेड्यात बोलणारा म्हणतो, कांदा मातीमोल झाला, शेतकऱ्याने जगायचे कसे? दोन्ही ठिकाणी टाळ्या पडतात. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची घरे या दोहोंपैकी एका बाजूला उभी करता येत नाहीत. कोणाची गावाकडे एक-दीड एकर जिरायत आहे. कोणाची आई अजून खुरपणीला जाते. कोणी एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे आणि भाऊ गावी वाट्याने शेती करतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील खातेदाराचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या जमिनीवरचा माणूस मार्चमध्ये कांदा विकतो आणि जूनमध्ये तेल, डाळ, पीठ विकत आणतो. म्हणजे विकणारा तोच आणि घेणारा तोच. ज्याला तेवढीही जमीन नाही, त्याला तर विकायला स्वतःच्या दोन हातांशिवाय काही नाही. त्याचा विचार कोणत्या भाषणात येतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, हा कांद्याचा जिल्हा. नाव लासलगावचे मोठे, पण नेप्ती, घोडेगाव, वांबोरी, राहुरी, पारनेर या बाजारांतही गोण्यांच्या थप्प्या लागतात. आधी खरिपाचा लाल कांदा, मग रांगडा, आणि मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ, म्हणजे आपण ज्याला गावरान म्हणतो तो. देशातल्या एकूण कांद्यापैकी निम्म्याहून बराच अधिक कांदा या शेवटच्या हंगामाचा असतो. तो टिकतो म्हणून चाळीत भरतात आणि दिवाळीपर्यंत सारा देश त्यावर भागवतो. चाळीत वजन घटते, कांदा सडतो, कोंब फुटतात. चौथा हिस्सा गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. ज्याच्याकडे चाळ नाही त्याने काढणीबरोबर विकायचे, आणि काढणीच्या वेळी तर सगळ्यांचाच माल आलेला असतो.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सोसायटीच्या पीककर्जाची मुदत साधारण ३१ मार्चला संपते. मुदतीत भरले तर व्याजाची सवलत मिळते. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाने पडते. ही योजना चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. पण तारीख पाहा. बाजारात माल उतू जात असतो नेमका तेव्हाच शेतकऱ्याला रोख पैसा हवा असतो. मग तो मिळेल त्या भावाला विकतो, किंवा आठ दिवसांसाठी खाजगीत पैसे उचलतो, कर्ज भरतो आणि नवे उचलून ते परत करतो. याला आपल्याकडे 'नवं-जुनं करणे' म्हणतात. कागदावर खाते नियमित दिसते. त्या आठ दिवसांचे व्याज मात्र कोणत्याच कागदावर येत नाही.

आता मागील काही वर्षांचा क्रम पाहू. फेब्रुवारी २०२३ मध्ये कांद्याचे भाव कोसळले. सोलापूरच्या बाजारात पाचशे किलोहून अधिक कांदा नेणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई, भाडे वजा जाता २ रुपयांचा धनादेश पडला, तोही पुढच्या तारखेचा. ती बातमी देशभर गाजली. (तो धनादेश वटवायला बँकेला त्याहून जास्त खर्च येतो, हे मी जाता जाता सांगतो.) राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, कमाल २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी अर्ज, सातबारा, पट्टी, पीकपेऱ्याची नोंद असे सगळे आले. पुढे त्याच वर्षी भाव चढू लागताच १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. तोवर उन्हाळ कांदा बाजारात येऊ लागलेला होता आणि भाव काही वर गेले नाहीत.

यात मला दिसते ते असे. भाव पडला तेव्हा मदत अर्जाच्या वाटेने, महिन्यांनी आली. भाव चढला तेव्हा निर्बंध एका रात्रीत आले. ग्राहकाचे हित म्हणून हे केले, असे सांगण्यात आले. ठीक आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये शुल्क लागू असतानाच शहरांत कांदा किलोला ६० रुपयांच्या पुढे गेला होता. म्हणजे शेतकऱ्याचा भाव धरून ठेवला आणि ग्राहकाच्या पिशवीलाही भरवसा मिळाला नाही.

मग पैसा जातो कुठे? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यास निबंधात हिशेब मांडला आहे. ग्राहक कांद्यासाठी जो एक रुपया मोजतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७. तुम्ही ३० रुपयांनी किलोभर कांदा घेतला तर अकरा रुपयांच्या आसपास शेतात पोचतात. उरलेले सगळे चोरांच्या घरी जातात असे मी म्हणणार नाही. त्यात बारदान आहे, डिझेल आहे, वाटेतली घट आहे, हातगाडीवाल्याची दिवसभराची मजुरी आहे. हमालीही आहे, आणि पाठीवर गोणी वाहणारा हमाल हा आपल्यातलाच माणूस आहे. त्याच्या हक्कासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला तो उगीच नाही. तथापि या साखळीत एक वर्ग असा आहे की ज्याला भाव पडला तरी चालतो आणि चढला तरी चालतो. ज्याच्याकडे गोदाम आणि भांडवल आहे, तो थांबू शकतो. ज्याच्यामागे ३१ मार्च आहे, तो थांबू शकत नाही.

आता कांदा काढणाऱ्या बाईकडे येऊ. कांदा काढणी, काटणी, भरणी ही बहुतांशी आपल्या आयाबहिणींची कामे. रोजाने नाहीतर एकराने उक्ते. कांदा साठ रुपये झाला म्हणून तिचा रोज वाढत नाही. कांदा पाच रुपये झाला तर मात्र मालक काढणीच टाळतो, उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो किंवा मेंढरे सोडतो, आणि तिचे पंधरा दिवसांचे काम जाते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला. सप्टेंबरात तोच शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. जुलैत ती टोमॅटो घेऊ शकली नाही, सप्टेंबरात तिला तोडणीचे काम मिळाले नाही.

दुसरे उदाहरण गोडेतेलाचे. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून. म्हणून २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि पाथर्डीच्या वाडीवर भाजीतले तेल कमी झाले. त्याआधी शंभराच्या आत मिळणारी सोयाबीन तेलाची पिशवी २०२१-२२ मध्ये दीडशेच्या पुढे गेली होती. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने तीनेक आठवडे पाम तेलाची निर्यात बंद ठेवली, त्याची झळही थेट आपल्या दुकानापर्यंत आली. नंतर भाव उतरले. मग सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयात शुल्क एकदम वाढवले. कच्च्या तेलावरील एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले. कारण दिले ते सोयाबीन उत्पादकाच्या हिताचे. किराणा दुकानात तेल दसरा-दिवाळीच्या तोंडावर महागले. पण त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना बाजार समित्यांत माल त्याखालीच विकला गेला. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा कमी करण्यात आले.

मित्रहो, ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. कांद्याचा भाव ग्राहकाच्या नावाने खाली दाबला आणि ग्राहकाला स्वस्ताई टिकली नाही. तेलाचा भाव शेतकऱ्याच्या नावाने वर नेला आणि शेतकऱ्याला हमीभाव मिळाला नाही. नाव एकाचे, झळ दोघांना. आणि जो ना धड शेतकरी ना नोकरदार ग्राहक, त्या मजुराने दोन्ही वेळेला पैसे मोजले.

दुधाचे थोडक्यात सांगतो. जून २०२४ मध्ये मोठ्या दूध संस्थांनी पिशवीचा दर लिटरमागे २ रुपयांनी वाढवला. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोतूळला दूध उत्पादक भावासाठी धरणे धरून बसले होते. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

ही दोन टोके एकमेकांना का भेटत नाहीत? १९७२ चे उदाहरण आठवते, म्हणजे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. त्या साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. बाया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रवा यांसाठी मंत्र्यांना जाब विचारला. त्याच साली आपल्या जिल्ह्यात दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो भाकरीला वापरत होती. त्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, ही महाराष्ट्राची देशाला देणगी. पण लाटणे घेतलेली बाई आणि हातोडी घेतलेली बाई एका मोर्चात कधी चालल्या असतील असे वाटत नाही.

पुढे २०१७ साली राहाता तालुक्यातील पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला आणि १ जूनपासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शेतकऱ्याने संप करायचा, ही कल्पनाच वेगळी. संपूर्ण कर्जमाफी, उत्पादन खर्चावर आधारित भाव, दुधाला ५० रुपये अशा मागण्या होत्या. शहरांकडे जाणारे दूध-भाजी अडली, काही ठिकाणी रस्त्यावर ओतली गेली. त्या महिन्यातच शासनाने सुमारे ३४ हजार कोटींची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. संपाने आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर नेले, याचा मला अभिमान आहे. पण मागण्यांच्या यादीत शेतमजुराची मजुरी ठळकपणे कुठे दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे. आणि कर्जमाफी सातबारावाल्याला मिळते. ज्याचे कर्ज बचत गटाचे, फायनान्सच्या आठवडी हप्त्याचे किंवा किराणा दुकानाच्या वहीतले आहे, त्याला ती मिळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ चलनावरचा आहे, म्हणून आपण त्याला नमस्कार करून कपाटात ठेवतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य उघडावा. रुपयाचे मोल घसरले की निर्यात व्यापाराला तेजी येते, याचे त्या काळी मोठे कौतुक होते. बाबासाहेबांनी दाखवले की किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. ही तेजी म्हणजे देशाने मिळवलेले नवे धन नसून एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेला पैसा आहे. शंभर वर्षे झाली. आता माझेच पाहा. आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला आहे, दर तीन महिन्यांनी बदलतो. किमती वाढल्या की थोडा उशिरा का होईना, पगार मागे मागे चालत येतो. शेतमजुरांसाठीही सरकार वेगळा निर्देशांक काढते. त्यावरून रोजगार हमीची मजुरी वर्षातून एकदा ठरत आली : महाराष्ट्रात २०२३-२४ साठी दिवसाला २७३ रुपये, २०२४-२५ साठी २९७, २०२५-२६ साठी ३१२. पण बांधावरच्या खाजगी मजुरीला कोणताच निर्देशांक लागत नाही. ती मालकाची ऐपत आणि बाईची गरज यांवर ठरते.

केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत ग्रामीण माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४१२२ रुपये निघाला आणि त्यातला ४७ टक्के खाण्यावर. ही सरासरी झाली. तळच्या घरात हा हिस्सा याहून मोठा असतो. खाण्याचा खर्च वाढला की बाकी खर्च कापायचा म्हटले तरी कापायला उरतेच काय? आधी दूध चहापुरते होते. मग डाळ पातळ होते. मग अंडे जाते. मुलांची फी, एसटीचा पास, म्हाताऱ्याची बीपीची गोळी यांची पाळी नंतर येते. आणि ताटात जे उरते ते सर्वांत शेवटी घरची बाई खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. डॉक्टर त्याला लोहाची कमतरता म्हणतात. मला त्यात किराण्याची यादी दिसते.

रेशन नसते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दिले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात येऊ लागले. त्या दिवशी आमच्या काउंटरवर रांग लागते. 'बायका उधळतात' असे बोलणारे मी ऐकतो. त्यांनी एकदा रांगेतल्या बाईला विचारावे. बहुतेकींचे उत्तर किराणा, औषध किंवा गटाचा हप्ता असे येते. पण रेशनमध्ये गहू-तांदूळ मिळतो. तेल, डाळ, मीठ-मिरची, साबण, गॅस हे सगळे बाजारभावाने. शिवाय गरिबाला बाजार महागच पडतो. पंधरा किलोचा डबा घेणाऱ्याला तेल ज्या दराने पडते, त्या दराने छटाक तेल घेणारीला पडत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे कोपीवर राहतात तेव्हा तर जवळच्या एकाच दुकानावर उधारी, आणि भाव दुकानदार सांगेल तो. 'एक देश, एक रेशनकार्ड' असे आता आहे. परंतु अंधार पडल्यावर फडातून परतणाऱ्या बाईला बंद झालेल्या दुकानात कोणते कार्ड चालते?

सरकारने काय करावे यावर मी तासभर बोलू शकतो आणि त्याने काही होणार नाही. काढणीच्या वेळी शेतकऱ्याला महिना-दोन महिने थांबता येईल इतके कर्ज आणि गोदाम मिळावे. शेतमाल तारण योजना बाजार समित्यांत आहे, पण लहान शेतकरी त्या दारापर्यंत पोचत नाही. रेशनवर डाळ आणि तेल नियमित यावे, सणापुरते नव्हे. शेतमजुरीचा किमान दर वेळच्या वेळी वाढावा आणि तो मिळतो का हे कोणी तपासावे. एवढ्या तीन गोष्टींवर मी थांबतो.

संस्थेपुढे मात्र एक सूचना ठेवतो. आपल्या सभासदांपैकी निम्मे तरी वर्षाची ज्वारी, तूर आणि कांदा बाजारातूनच घेतात. दुसरीकडे आपल्याच नात्यातले लोक कर्जत-जामखेडकडे ज्वारी आणि तूर पिकवून काढणीबरोबर व्यापाऱ्याला घालतात. पन्नास घरांनी मागणी आधी नोंदवली आणि निम्मी रक्कम आगाऊ जमा केली, तर काढणीला थेट खरेदी होऊ शकते. दर बाजार समितीच्या त्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा थोडा वर, दुकानाच्या दरापेक्षा थोडा खाली ठेवावा. माल चाळायला, भरायला बायका लागतील, त्यांचा रोज हिशेबात आधी धरावा आणि तो कमी करू नये. यात अडचणी पुष्कळ आहेत. कांदा सांभाळणे आपल्याला जमणार नाही, म्हणून पहिल्या वर्षी तो सोडून द्यावा. ज्वारीला कीड लागते. उधारीवर माल मागणारे आपलेच लोक निघतील आणि नाही म्हणताना जड जाईल. नुकसान आले तर ते कोणी सोसायचे, हे आधी लिहून ठेवावे लागेल. हिशेब ठेवण्याचे काम मी करायला तयार आहे, ते माझ्या हातचे आहे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला बाजार समितीचा भाव आणि आपल्या गल्लीतल्या दुकानाचा भाव एका वहीत शेजारी शेजारी लिहायला सुरुवात करावी, म्हणजे दर ठरवताना वाद होणार नाही. वजनकाटा आणि बारदान कोणाकडून घ्यायचे ते कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठरवू. ज्वारीची काढणी फेब्रुवारीत सुरू होते, तोवर नावनोंदणी पूर्ण झाली पाहिजे. नोंदणीचा कागद कार्यवाहांकडे ठेवला आहे.